सात ते सात वीस

"आजोबा, मिझु! पाणी! बघा ना!"

ईश्वरी खिडकीला नाक लावून ओरडली तेव्हा सदानंद आपटे चहाचं आधण ठेवत होते आणि स्वतःवर भलतेच खूश होते. पहाटे पाचला उठून त्यांनी जपानमधल्या या वाडीतल्या घरापुढचा सगळा बर्फ फावड्यानं रस्त्याकडेच्या चरात लोटला होता. कामासाठी सेंदाईला गेलेले मुलगा केदार आणि सून शमा दुपारी परततील तेव्हा दार मोकळं दिसेल, असा बेत.

त्यांनी बाहेर पाहिलं. चर गच्च तुंबला होता आणि वरून येणारं पाणी उतारानं धावत खालच्या घराच्या दारात शिरत होतं. तिथं कोन्नो-सान राहायच्या. वय ब्याऐंशी, एकट्या.

सदानंदांनी केदारला फोन लावला.

"पाचला टाकलात? अहो बाबा, चरात पाणीच सहाला सोडतात! त्याआधी टाकला की बर्फ नुसता दगडासारखा बसतो. सगळ्यांनी एकदम टाकला तर चर तुंबतो, म्हणून प्रत्येक घराची वेळ ठरलेली आहे. आपली सात ते सात वीस."

"मला कुणी सांगितलं?"

"वेळांचा कागद घरोघर फिरत आला होता. मी वाचल्याचा शिक्का मारून पुढच्या घरी दिला. तुम्हाला सांगायचं राहिलंच."

सदानंदांनी फोन ठेवला. हे घर वाडीनं वर्षभर राहून बघा म्हणून दिलं होतं. पुढे द्यायचं की नाही, ते मार्चच्या बैठकीत ठरणार होतं. ईश्वरीला इथली शाळा आवडली होती. आणि चौतीस वर्षं पेणच्या शाळेत नळापाशी उभं राहून तिसरीच्या मुलांना 'आपली पाळी आली की यायचं' शिकवणारा माणूसच आज रांग मोडून मोकळा झाला होता.

ते बाहेर आले तोवर वरच्या घरातले दोघे लांब काठ्यांनी चर मोकळा करत होते. सदानंदही फावडं घेऊन भिडले. कुणी रागावलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

पाणी वाहतं झाल्यावर ते नातीला म्हणाले, "चल, कोन्नो-सानकडे."

"मी नाही येणार. हझुकाशी. लाज वाटते मला."

"मलाही वाटते, बाळा. म्हणून तर दोघांनी जायचं."

कोन्नो-सान रबरी बूट घालून दारातलं पाणी झाडूनं बाहेर लोटत होत्या. सदानंद कमरेतून वाकले. वाटेत घोकलेला माफीचा शब्द ऐनवेळी आठवेना, म्हणून त्यांनी सरळ झाडूच धरला. म्हातारी सोडेना. त्यांनी ओढला, तिनंही ओढला. दोन पांढरी डोकी झाडूला लटकलेली बघून ईश्वरी फिस्सकन हसली. मग कोन्नो-सानही हसल्या आणि त्यांनी झाडू सोडला.

पाणी निघालं, पण कोपऱ्यातली कापडी पिशवी तळाशी भिजली होती. आत वसंतात पेरायचं हिरव्या सोयाबीनचं बियाणं. सदानंदांचा चेहरा पडला. तिघांनी ते स्टोव्हपाशी वर्तमानपत्रावर पसरलं.

"ईशू, नखानं दाबून बघ. मऊ लागला तो इकडे, टणक तो तिकडे. घाई नको." सवयीनं त्यांचा आवाज वर्गातला झाला.

टणक ढीग मोठा निघाला. कोन्नो-साननी मऊ दाणे वाडग्यात भरले आणि त्या काहीतरी म्हणाल्या. ईश्वरी मराठीत सांगू लागली.

"ती म्हणते, पेरायला तेवढे पुरतील. हे आज खायचे. तुमच्या घरून इतका छान वास येतो, तर तुम्हीच शिजवून आणा."

"आणतो म्हणावं! तिखट झेपेल का, विचार."

"ती म्हणते, तिनं ब्याऐंशी हिवाळे झेपवलेत."

मग कोन्नो-साननी भिंतीवरचा वेळांचा जुना कागद काढून जमिनीवर ठेवला. सात ते सात वीसच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्या सांगत गेल्या तसा ईश्वरीचा आवाज हळू झाला.

"इथं होशिना-सान लिहिलंय. आपल्या घरात राहायचे ते. नऊ हिवाळ्यांपूर्वी वारले. तेव्हापासून या वेळात कुणीच बर्फ टाकत नाही. नुसतं पाणी वाहतं."

"दुसऱ्या कुणी वेळ घेतली नाही?"

ईश्वरीनं विचारलं. कोन्नो-साननी मान हलवली, जणू प्रश्नच विचित्र होता. मग पेन ईश्वरीच्या हातात दिलं. होशिनांचं नाव न खोडता त्याच्याखाली तिनं जपानी अक्षरांत 'आपटे' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वर बर्फ होता. केदार-शमा आदल्या दुपारीच परतले होते, पण सदानंद म्हणाले, "आज मला करू दे." बरोबर सातला त्यांनी दारापुढच्या चरावरची जाळी उचलली. सात वीसला निम्माच बर्फ संपला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि लगेच जाळी बंद केली.

खालून चढ चढत येणाऱ्या फावड्याचा आवाज आला. कोन्नो-सान. आता सात चाळीसपर्यंत त्यांची वेळ होती, त्यांच्या दारातला ढीग तसाच पडलेला. त्यांनी सदानंदांच्या दारातली जाळी पुन्हा उघडली आणि त्यांचा उरलेला बर्फ लोटायला सुरुवात केली. केदारही धावत आला. इथलं संपल्यावर सगळे उतरून कोन्नो-सानच्या दारी गेले.

सात चाळीस कधीच उलटून गेले होते. त्याखालच्या घराचा म्हातारा, आता पाळी त्याची असूनही, फावड्यावर हनुवटी टेकून, आपल्या बंद जाळीपाशी, घड्याळ न बघता उभा होता.