बाजाराच्या दिवशी सुट्टीवर जाणारा धूर

धूम्रनाथ महाराज आमच्या गावातून गेले ते एस. टी.च्या टपावर बसून. खाली जागा होती, पण त्यांना इतका ठसका लागला होता, की कंडक्टरनं त्यांना आत घ्यायला नकार दिला. वरवट बकालपर्यंत म्हणे ते शिंकत गेले.

पण तसं काही झालंच नाही. असे कोणी महाराज गावात आल्याची नोंद ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात नाही. आलेच नाहीत, तर जाणार कसे? तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो.

साल चौसष्ट. फाल्गुन लागला होता. सरपंच हिंमतरावांच्या अंगणात रोज दुपारी सगळं गाव जमायचं. अंगणात ओटा, ओट्यावर धुनी, धुनीपुढे महाराज आणि महाराजांच्या पाठीमागे भगवा पडदा. पडद्याच्या आत जायला मनाई होती, कारण आत महाराजांची 'गुप्त शक्ती' राहत होती. ती दिवसातून तीनदा भाकरी खायची, हे मी स्वतः पाहिलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

महाराज डोळे मिटायचे. थोड्या वेळानं घर्र, घर्र, घर्र असा आवाज सुरू व्हायचा.

"ऐका!" उकंडराव हात जोडून म्हणायचे. उकंडराव म्हणजे महाराजांचे सगळ्यात जुने भक्त, पंधरा दिवसांचे. "महाराजांच्या बेंबीत ओंकार फिरून राह्यला!"

मग महाराज एक डोळा उघडायचे आणि पूर्वेकडच्या भिंतीकडे बोट दाखवायचे. "बेटा, धुआँ अंधा नहीं होता. धुव्वाला नाक असते. तो पापाचा वास काढत जाते. जाव, देखो, कुठे निघाला!"

सगळं गाव भिंतीपलीकडे पळायचं. पलीकडे मंजुळाकाकूंचं घर. चूल विझलेली, दार उघडं, आणि जमिनीतून, अगदी शेणानं सारवलेल्या जमिनीतून, पिवळट धूर वर येत असलेला. मंजुळाकाकू तोंडाला पदर लावून अंगणात उभ्या. बायका काकूंच्या नावानं बोटं मोडायच्या, माणसं मान हलवायची आणि सगळे परत महाराजांकडे नारळ फोडायला जायचे.

मंजुळाकाकू म्हणजे हिंमतरावांच्या थोरल्या भावाची विधवा. एकाच घराची दहा वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि मधून भिंत आली. वाटणी मोठी कसोशीनं झाली होती. लिंबाचं झाड नेमकं भिंतीच्या रेषेत आलं, तर पंचांनी त्याची सावलीसुद्धा वाटली: सकाळची हिंमतरावांना, संध्याकाळची थोरल्या भावाला. उखळ एकाला, मुसळ दुसऱ्याला. जमिनीवरची एक काडी सुटली नाही. जमिनीखाली काय आहे, हे मात्र एकाही पंचानं विचारलं नाही.

परसातली गोड्या पाण्याची विहीर काकूंच्या वाट्याला आली होती. त्या विहिरीवर त्या वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायच्या आणि टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराला जायच्या. हिंमतरावांच्या वाट्याच्या विहिरीला पाणी लागलं नव्हतं. लागला होता तो फक्त खडक.

धूर निघायला लागल्यापासून काकूंची वांगी कोणी घेईना. गावात त्या साली जे जे बिघडलं ते काकूंच्या नावावर चढलं. दोन म्हशी आटल्या, ते काकूंमुळे. पोस्टमन सायकलवरून पडला, ते काकूंमुळे. मी मॅट्रिकला तिसऱ्यांदा नापास झालो, तेही मी त्यांच्या नावावर घालून पाहिलं. वडिलांनी मानलं नाही. एवढा एकच माणूस गावात शास्त्रीय दृष्टीचा निघाला.

शेवटी हिंमतरावांनी जाहीर केलं, की अमावास्येच्या दुपारी गावसभा भरेल. महाराज शेवटचा कौल लावतील. धूर पुन्हा काकूंच्याच घरी निघाला, तर काकूंनी घर सोडायचं आणि घर, परस, विहीर हे सगळं शुद्धीसाठी महाराजांच्या ताब्यात द्यायचं. देखरेख अर्थातच हिंमतरावांची. शुद्धीला किती वर्षं लागतील, ते महाराजांनाही सांगता येत नव्हतं.

हिंमतराव स्वतः समजूत घालायला आले. काकूंसाठी एक अर्ज लिहायला मी तिथंच बसलो होतो. नापास झालो असलो, तरी गावातले अर्ज मीच लिहायचो.

"वयनी, मी भल्यासाठी सांगतो. तुमी माहेरी जा. भाऊ हाये न तुमचा जळगाव जामोदले."

"भाऊजी, माह्या भावाच्या घरी दोन खोल्या अन् अकरा माणसं," काकू म्हणाल्या. "तिथं धुरालेबी बसाले जागा नाई."

"मंग धूर बंद करा!"

"म्या लावला काय, त बंद करू?"

हिंमतराव गेले. काकू खाली बसून जमीन चाचपू लागल्या. त्या दिवशी वरवट बकालचा बाजार होता आणि घरात धुराचा मागमूस नव्हता.

"मोत्या," त्या एकदम म्हणाल्या, "धूर पापाच्या मागं येते. हाव ना?"

"महाराज तर तसंच म्हणून राह्यले, काकू."

"मंग आज काऊन नाई आला? गेल्या बाजाराले नाई आला, त्याच्या आंदीच्या बाजारालेबी नाई. माह्यं पाप काय बाजाराच्या दिवशी सुट्टीवर जाते?"

मी विचार करू लागलो. सवय नसल्यानं वेळ लागला.

"बाजाराले कोन जाते, थे सांग," काकूंनी मदत केली.

"तुम्ही."

"मी कायले जातो आता? माह्यी वांगी कोन घेते? महाराजाचा चेला जाते! थो पडद्यामागचा. अन् थो गेला का महाराजाच्या बेंबीतला ओंकारबी मुका होते. धुनी पेटलेली रायते, महाराज बसलेला रायते, पाप बी असंन माह्यं जिथल्या तिथं. पन धूर नाई."

"काकू!"

"थांब न. अजून एक. त्या धुराले लाल मिरचीचा ठसका हाये. दहा वर्सं मिरची इकली म्या, मले शिकवू नोको. पापाले मिरचीची फोडनी कोन देते बे?"

मग आम्ही धूर कुठून येतो ते शोधलं. इतक्या दिवसांत गावातल्या दोनशे माणसांनी धूर पाहिला होता, पण तो कुठून येतो ते एकानंही पाहिलं नव्हतं, कारण तो पापातून येतो हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. कोपऱ्यात जातं होतं. त्याच्या कडेनं सारवण पिवळं पडलं होतं. आम्ही जातं सरकवलं. खाली फरशी. फरशी उचलली, तर खाली काळंकुट्ट तोंड.

"पेव," काकू म्हणाल्या. "ज्वारीचं पेव हाये हे! सासूबाई सांगे, मामंजींनं दोन तोंडाचं पेव खनलं होतं. इकून ज्वारी टाकाची, तिकून काढाची. मले वाटलं, बुजवलं असंन."

मी लगेच आत उतरायला पाय घातला. काकूंनी मला शर्टाला धरून मागं ओढलं. "आंधी कंदील सोड, येड्या. पेवात कोंदलेली हवा रायते. कंदील विझला त मानूसबी विझते."

दोरीला बांधून कंदील सोडला. तो विझला नाही. मी पालथा पडून डोकं आत घातलं आणि पाहिलं. पेव मधल्या भिंतीखालून सरळ हिंमतरावांच्या अंगणात गेलं होतं. पलीकडच्या तोंडापाशी तारेची टोपली लोंबत होती. तिच्यात जळका कडुलिंब, पऱ्हाटीचे म्हणजे कपाशीच्या काड्यांचे तुकडे आणि लाल मिरच्या. आणि टोपलीच्या वर, पेवाच्या तोंडावर, एक हिरवी लोखंडी पेटी बसवलेली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: पंचायत समिती.

तो आमचा हरवलेला पंखा होता! उफणणीचा, हातानं फिरवायचा. सरकारनं गावाला दिला होता, म्हणजे तिवईवर उभं राहून, सुपानं वाऱ्याची वाट बघत ज्वारी उफणायला नको. मिळाल्यावर आठव्या दिवशी तो नाहीसा झाला. इतिवृत्तात लिहिलं आहे, की तो पुरात वाहून गेला. आमच्या गावाला नदी नाही.

"मी आत्ता गावात जाऊन ओरडतो," मी उठलो.

"अन् लोक काय म्हनतीन? काकूनं पोट्ट्यावरबी करनी केली. बस खाली. आपन काई सांगाचं नाई. चिखल कालव."

अमावास्येच्या दुपारी हिंमतरावांच्या अंगणात मुंगीला जागा नव्हती. महाराजांनी नवी कफनी घातली होती. ठराव आधीच लिहून तयार होता, फक्त अंगठे बाकी होते.

"आज आखरी कौल!" महाराज गरजले. "जिथे धुव्वा निघेल तिथे पाप! मंजूर?"

"मंजूर!" गाव ओरडलं.

"बदलणार तो नाही?"

"नाई!"

हिंमतराव समाधानानं मिशीवरून हात फिरवत होते. पडद्यामागं ओंकार सुरू झाला. घर्र, घर्र. महाराजांचं बोट पूर्वेला गेलं आणि गाव पळालं. मीही पळालो, कारण न पळणं संशयास्पद दिसलं असतं.

काकू घरात जात्यावर बसून ज्वारी दळत होत्या. जात्याखाली फरशी, फरशीच्या चारी बाजूंनी दोन बोटं जाड माती-शेणाचा लेप, लेपावर ओलं पोतं. धुराचा पत्ता नव्हता.

"या," काकू म्हणाल्या. "बसा. पीठ हाये, धूर नाई."

लोक वाकून बघू लागले. कोणी जमिनीचा वास घेतला. उकंडराव धापा टाकत परत गेले, आणि त्यांच्यामागं सगळं गाव, मीसुद्धा. "महाराज, नाई निघत!"

"निघेल! श्रद्धा ठेव!" महाराज म्हणाले आणि मान किंचित मागं वळवून दात आवळून पुटपुटले, "जोर लगा."

ओंकारानं जोर लावला. घर्रघर्रघर्र! पण पेवाचं एक तोंड बंद आणि दुसऱ्या तोंडातून वारा आत कोंबायचा म्हटल्यावर धुरानं जावं तरी कुठं? तो आल्या वाटेनं परत निघाला. आधी पडदा फुगला. मग पडद्याखालून एक पिवळी जीभ बाहेर आली. मग सगळाच्या सगळा धूर, कडुलिंब आणि मिरचीसकट, महाराजांच्या पाठीवर येऊन बसला.

महाराज पहिली शिंक दाबू शकले. दुसरी नाही. तिसरीला दाढी धुनीत गेली. पडद्याआड कोणीतरी "मेलो, मेलो माय!" म्हणून ओरडलं. गुप्त शक्तीचं माहेर खामगावकडचं असावं, असं बोलण्यावरून वाटलं. गर्दीतली बेचाळीस माणसं एकाच वेळी खोकली. (मी मोजली. मला दुसरं काम नव्हतं.)

"पानी! पानी!" महाराज रांगत ओट्यावरून उतरले.

काकू तांब्या घेऊन आल्या. त्याच पापी घराच्या, त्याच पापी विहिरीचं पाणी. महाराजांनी तांब्या तोंडाला लावला आणि शुद्धीची वाट न बघता घटाघटा प्यायले.

एवढ्यात उकंडरावांनी डोळे पुसत पडद्याकडे बोट केलं. "धूर त इथं निघाला. म्हंजे... पाप हिंमतरावच्या घरी हाये!"

गर्दी हळूहळू हिंमतरावांकडे वळली. काल काकूंकडे बघणारे तेच डोळे होते, फक्त आज लाल होते. "काढा त्याले घराबाहीर!" मागून कोणीतरी ओरडलं. हिंमतरावांचा चेहरा पांढरा पडला. मला तर फार मजा वाटू लागली होती.

"थांबा!" काकू ओरडल्या. "उकंडराव, पाप न फाप! काल माह्यं घर घेत होते, आज याचं घ्याल. उद्या कोनाचं? धुराले नाक नाई अन् अक्कलबी नाई. तोंड मोकळं दिसते तिकडे थो जाते. पडदा ओढा, अन् सोताच्या डोयानं पाहा."

पडदा ओढायचं धाडस कोणाला होईना. काकूंनीच ओढला. आत चेला पंख्याच्या दांड्याला लोंबकळून खोकत होता. हिरवी पेटी, पांढरी अक्षरं. गावात वाचता येणारे सात जण होते. सातांनी एकदम वाचलं. मग एकेकानं पेवात वाकून पाहिलं, टोपली पाहिली, मिरची पाहिली. आमच्या गावात एखादी गोष्ट बघून मग तिच्याबद्दल बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. फार कठीण नव्हतं. वाकावं लागतं, एवढंच.

दुपारच्या एस. टी.नं महाराज गेले. म्हणजे, गेले नाहीत.

कारण पुढच्या महिन्याच्या सभेत हिंमतरावांनी ठराव मांडला, की गावात कोणी महाराज आले नव्हते, कसला कौल लागला नव्हता आणि पंखा पुरात वाहून गेला होता तो पूर ओसरल्यावर आपोआप परत आला. ठराव एकमतानं मंजूर झाला. ज्यांनी काकूंना घराबाहेर काढायला 'मंजूर' म्हटलं होतं, तेच इथंही 'मंजूर' म्हणाले. काकूंची वांगी आता सगळे घेतात. भाव करताना खाली बघतात.

ठराव झाला त्या संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं. लिंबाची सावली त्यांच्या वाट्याच्या अंगणात पडली होती. "अर्ज लिही," त्या म्हणाल्या. मी लिहिला. त्यांनी अंगठा केला. त्याची नक्कल अशी:

"मेहेरबान गटविकास अधिकारी साहेब यांचे सेवेशी. अर्जदार मंजुळाबाई सविनय अर्ज करते, की न आलेल्या महाराजाने, न हरवलेल्या पंख्याने, माझ्या असलेल्या घरात वीस दिवस धूर सोडला. पंख्याबद्दल तक्रार नाही. धुराबद्दलही नाही, तो बिचारा फिरवाल तिकडे फिरतो. तक्रार माणसांबद्दल आहे. तरी विनंती, की सभेत 'मंजूर' म्हणणाऱ्या सर्व ग्रामस्थांनी, सरपंचांसह, कार्यालयीन वेळेत, एकेकट्याने, माझ्या दारात येऊन 'आम्ही न पाहता बोललो' एवढे एक वाक्य तोंडी म्हणावे आणि तसे म्हटल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी, असा हुकूम साहेबांनी कृपा करून काढावा. येणाऱ्यास चहा देण्यात येईल. कळावे."