लेखिकेसोबत

"आपण कोणासोबत?" नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं.

"कोणासोबत म्हणजे?" शरच्चंद्र करमरकर म्हणाले. "मी कवी आहे. दुपारी कविकट्ट्यावर माझं वाचन आहे."

"कविकट्ट्याला बिल्ला नसतो काका. तो सगळ्यांसाठी ओपन आहे." तिने खोक्यात चाचपून एक बिल्ला काढला. "हा बघा तुमचा. 'लेखिकेसोबत'."

शेजारी उभ्या असलेल्या उल्काताईंच्या गळ्यात 'निमंत्रित' असा बिल्ला तिने आधीच घातला होता. "घाला ना, अहो," उल्काताई म्हणाल्या. करमरकरांनी बिल्ला खिशात टाकला.

नारायण पेठेतल्या शाळेच्या पटांगणावर भरणाऱ्या या साहित्य मेळ्याला ते पहिल्या वर्षापासून येत होते. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून त्यांनी कविता केल्या, दोन संग्रह स्वतःच काढले. पाठमोरा लेखकसुद्धा ते ओळखत. त्यांना मात्र कोणी ओळखत नसे. उल्काताई जन्मभर प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर ओट्याजवळच्या टेबलाशी बसून त्यांनी तिथल्या आठवणी लिहिल्या. करमरकरांना वाटलं, विरंगुळा आहे, लिहू दे. त्याचं पुस्तक झालं, वर्षाच्या आत तिसरी आवृत्ती निघाली आणि घरचा फोन "वहिनी आहेत का?" असं विचारू लागला.

आज उल्काताईंची मुलाखत नेमकी कविकट्ट्याच्याच वेळेला होती.

"तुमचं आटोपलं की या. पुढची खुर्ची धरून ठेवायला सांगते."

"नको. लेखिकाबाईंनी आमची काळजी करू नये," करमरकर म्हणाले आणि निघाले.

कविकट्टा पाण्याच्या टाकीमागे होता. समोर बसलेले बहुतेकजण स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे कवी. करमरकर तिसऱ्या कडव्यावर आले आणि मुख्य मांडवातून हशा उठला, मागोमाग टाळ्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्यांनी कविता पुरी केली. सूत्रसंचालक तात्याराव जुने ओळखीचे. ते म्हणाले, "करमरकर, आज तरी वहिनींकडे जायचं होतंत. तुमची कविता काय, पुढच्या वर्षीही हीच असेल."

मांडव गच्च भरला होता. करमरकर मागे उभे राहिले. उल्काताई घरी बोलतात तशाच बोलत होत्या. तेच त्यांना सोसवेना. काही कष्ट नाहीत, काही तयारी नाही, आणि लोक कानांत प्राण आणून ऐकतायत.

"प्रश्न असतील तर विचारा," मुलाखत घेणारी अस्मिता म्हणाली. करमरकरांचा हात वर गेला. कोणीतरी माइक आणून दिला.

"आपलं नाव?"

"नाव राहू द्या. कामावरच्या आठवणी कोणीही सांगेल. त्याला साहित्य का म्हणायचं?"

कुजबुज झाली. "बसा हो!" पुढून कोणीतरी म्हणालं. उल्काताईंनी आवाज ओळखला होता. त्यांनी मागच्या रांगांवर नजर फिरवली. करमरकर दिसल्यावर ती थांबली.

"प्रश्न रास्त आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मलाही ते कळत नाही. आमच्या घरात साहित्य कळतं ते माझ्या मिस्टरांना. त्यांनी अजून पुस्तक वाचलेलं नाही. वाचलं, की विचारून सांगते."

मांडव हसला. करमरकरांना कोणी ओळखत नव्हतं, म्हणून कोणी मागे वळून पाहिलं नाही. एकट्या उल्काताई हसल्या नाहीत.

करमरकर बाहेर पडले. पुस्तकांच्या स्टॉलवर जाऊन त्यांनी उल्काताईंचं पुस्तक मागितलं.

"थांबा ना काका, बाई येतीलच सही द्यायला."

"सही नको."

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी पहिलं पान उघडलं. 'बाळ रडलं की सगळे आईकडे बघतात. आम्ही आधी घड्याळाकडे बघायचो.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. कुठला शब्द काढता येईल ते पाहिलं. काढण्यासारखं काही नव्हतं. असं एक वाक्य ते उभा जन्म शोधत होते, आणि हिने ते कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता लिहून टाकलं होतं. निदान पुढचं पान पडेल असावं, असं त्यांना मनापासून वाटलं. ते तसं नव्हतं. त्याच्या पुढचंही नव्हतं.

सह्या आटोपून, हातात गुच्छ घेऊन उल्काताई त्यांना शोधत आल्या. त्यांनी पुस्तक पाहिलं.

"निघायचं?"

"बस जरा." करमरकर वर न बघता पायरीवर थोडे सरकले. "एवढं प्रकरण होऊ दे."

त्या बसल्या. मांडवातली माणसं खुर्च्या एकात एक घालून उचलत होती, ते बघत राहिल्या. 'चांगलं आहे' एवढे दोन शब्द करमरकरांच्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यांनी पान उलटलं.