आवाजासकट

आमच्या घरात टीव्ही लावायचा म्हणजे बोट धक्क्याला लावण्यापेक्षा मोठं काम. हे मी नाही, आमचे हे म्हणतात, आणि त्यांना बोटीतलं कळतं. हे म्हणजे हरिश्चंद्र, जहाजावरचे इलेक्ट्रिशियन. ज्या बंदरात उतरतील तिथून एखादं यंत्र उचलून आणायचं आणि मालगुंडच्या घरात मांडून ठेवायचं, हा त्यांचा नाद. टीव्हीचा रिमोट वेगळा, केबलच्या डब्याचा वेगळा, ॲम्प्लिफायरचा वेगळा. शिवाय एक दुबईचा. त्याचं यंत्र कधीच भंगारात गेलं, पण रिमोट टाकायचा नाही, कारण तो ‘ओरिजिनल’! सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेले, खारी हवा लागू नये म्हणून. मांडामांड झाली की हे आपले बोटीवर निघून जाणार, आणि मी त्या पिशव्या उलट्यासुलट्या करत बसणार.

टीव्हीचा स्वतःचा आवाज एका पावसाळ्यात वीज पडली तेव्हाच गेला. नवा घेऊया म्हटलं, तर म्हणाले, “चित्र झकास येतंय की!” मग जपानहून आणलेला ॲम्प्लिफायर त्याला जोडला. दिसायला पेटाऱ्याएवढा दांडगा, पण पुढचं बटण खाऱ्या हवेने चिकटून बसलेलं. रिमोट दाखवल्याशिवाय हा उठत नाही. आणि हा उठला नाही तर टीव्ही मुका.

माझं मात्र तसं नाही. माझा आवाज मोठा, हे सगळी वाडी सांगते. शेजारच्या गंगाकाकू तर म्हणतात, “दमयंतीन मांजराला हाकलला, तर आमची कोंबडी खुराड्यात शिरतात.” मृणाली, माझी लेक, लहान असताना भातकापणी झाल्यावर मळ्यात पोरांबरोबर कबड्डी खेळायची. दिवेलागण झाली तरी घरी यायचं नाव नाही. मग मी पडवीत उभी राहून हाक मारायची. ती हाक मळा ओलांडून समुद्रापर्यंत जायची. मोठी झाल्यावर ती मला म्हणायची, “आई, हळू बोल गो. माणसं बघतात.” म्हणून तिच्या मैत्रिणी आल्या की मी आपली दबकून बोलायची.

आता ती मुंबईला एका बँकेत असते आणि बँकेच्या संघातून खेळते. गेल्या वर्षी तिची फायनल टीव्हीवर दाखवली. हे समुद्रावर. मी सगळ्या पिशव्या सोडल्या, दिसेल ते बटण दाबलं. चित्र आलं, आवाज काही आला नाही. सामना मी मुक्यानेच बघितला. ते एक वेळ चाललं, कबड्डी डोळ्यांनी कळते. पण सामना संपल्यावर एका बाईने मृणालीच्या तोंडासमोर माइक धरला, आणि माझी पोर बोलायला लागली. बोलता बोलता हसली, मग डोळे पुसले. तिच्या ओठांवर ‘आई’ असा शब्द मला दिसला. बाकी काही कळलं नाही. फोनवर विचारलं तर म्हणाली, “जा गो आई, काहीतरी बोलले असेन.” ते काहीतरी माझ्या जिवाला वर्षभर लागून राहिलं. पोर माझ्याबद्दल साऱ्या जगाला काही सांगते, आणि मीच तेवढी बहिरी!

यंदा तिचा संघ पुन्हा फायनलला आला. सामना दसऱ्याच्या संध्याकाळी, ठाण्याला. आणि ह्यांना बोटीवर हजर व्हायला दसऱ्याच्याच दुपारची गाडी धरायची होती. मी म्हटलं, “अहो, तुमची यंत्रं तुम्हाला लखलाभ. मला माझ्या पोरीचा आवाज ऐकवा, मग खुशाल जा.” ह्यांनी डोकं खाजवलं आणि रत्नागिरीला जाऊन एक नवा रिमोट आणला. म्हणे, हा एकटा सगळ्यांना पुरून उरतो. मी म्हटलं, सून आणतानाही सगळे असंच म्हणतात.

त्या रिमोटला शिकवायला हे तीन दिवस जमिनीवर मांडी घालून बसले होते. प्रत्येक यंत्राचा म्हणे एक ठरलेला आकडा असतो, तो रिमोटमध्ये भरायचा. टीव्हीचा आकडा लगेच जुळला, केबलच्या डब्याने थोडे नखरे केले. ॲम्प्लिफायरचा आकडा मात्र कुठेच मिळेना. शेवटी त्याचा जुना रिमोट आणि हा नवा नाकाला नाक लावून ठेवले. जुन्याचं बटण दाबायचं आणि नव्याने ते शिकून घ्यायचं. मला मौजच वाटली. तेवढ्यात दोघांच्या मधे एक मुंगी आली, म्हणून मी हात घातला, तर हे केवढ्याने खेकसले!

“मधे हात घालू नको! हे काय कानाने ऐकतात? दिव्याने खुणा करतात एकमेकांना. आपल्याला तो दिवा दिसत नाही, त्यांना दिसतो. तू मधे आलीस तर दिसेल काय?”

“मग त्यांना डोळे आहेत म्हणा की,” मी म्हटलं.

“आहेत. आणि तुझ्यापेक्षा शहाणे आहेत.”

हे नवरा नावाचं माणूस! पण शेवटी जमलं. वरचं लाल बटण दाबलं की टीव्ही, डबा आणि ॲम्प्लिफायर एकामागोमाग एक उठायचे आणि खेळाचा चॅनेल लागायचा. दसऱ्याच्या सकाळी चहा घेताना ह्यांनी मला पुन्हा दाबून दाखवायला लावलं. सगळं सुरळीत. मग जुने रिमोट उचलून स्वतःच्या कपाटात घातले आणि कुलूप लावलं. “हाताशी राहिले तर तू घाबरून सगळेच दाबशील, आणि चालू झालेलं बंद करशील,” म्हणाले. किल्ली नेहमीसारखी त्यांच्या खिशात.

मग उभे राहिले. जहाजावर पहारा, त्यांच्या भाषेत वॉच, बदलताना म्हणे एकाने दुसऱ्याच्या हाती रीतसर सोपवावा लागतो, त्याशिवाय जागा सोडायची नाही. नवा रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाले, “वॉच तुझी.”

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मीही ताठ उभी राहिले. “वॉच माझी.”

हे बॅग भरायला आत गेले आणि मी पूजेला बसले. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो. आमच्याकडे विळी, कोयती, पाटा-वरवंटा, शिवणाचं मशीन, ह्यांचे पाने-पक्कड, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. यंदा टीव्हीची यंत्रं कशी वगळायची? टीव्हीला चौकटीवर लावलं. डब्याला डोक्यावर. रिमोटला पाठीवर, कारण बटणं बरबटली असती तर ह्यांनी गाडी सोडली असती, पण मला सोडलं नसतं. राहिला ॲम्प्लिफायर. माझ्या लेकीचे शब्द आज हाच ऐकवणार, म्हणून त्याला मी मनापासून पुजलं. पुढच्या बाजूला मधोमध एक काळी गुळगुळीत टिकली होती, अगदी कपाळासारखी. तिथे हळद-कुंकू चांगलं कालवून दोन बोटं जास्तच लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि हात जोडले. “बाबा रे, आज तोंड उघड.”

दुपारी बाबूच्या रिक्षातून हे स्टेशनला गेले. संध्याकाळी सोनं द्यायला आलेली माणसं हलेचनात. सामना आहे हे सगळ्यांना ठाऊक. गंगाकाकू खुर्ची घेऊन पुढेच बसल्या. बाबू ह्यांना सोडून परत आला तो थेट आमच्याकडेच. मी पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत लाल बटण दाबलं.

टीव्ही उठला. डबा उठला. चॅनेल लागला, निळ्या कपड्यांतली माझी मृणाली मांडीवर थाप मारताना दिसली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा कळलं, घरात दुसरा आवाजच नाही.

“गो दमयंती, चित्र आला. आवाज कुठं ऱ्हायला?” गंगाकाकू म्हणाल्या.

मी पुन्हा बटण दाबलं. सगळं बंद झालं. पुन्हा दाबलं. चित्र आलं, आवाज नाही. बाबू म्हणाला, “वयनी, वरसून एक थापड द्या. माजी रिक्षा तशीच सुरू होते.” त्यालाच एक द्यावीशी वाटली. ह्यांना फोन लावला.

“चित्र आहे, आवाज नाही!”

“घाबरू नको. गाडी आता खेडला आहे. नीट ऐक. रिमोटचं सेट बटण धरून ठेव, लाल दिवा लागेल, मग ॲम्प्लिफायरचं बटण दाब, मग...”

“मग काय? अहो, मग काय?”

मग बोगदा. पुन्हा लावला, पुन्हा बोगदा. कोकण रेल्वे बांधणाऱ्यांना एकही जागा डोंगर फोडल्यावाचून सोडवली नाही. इकडे पडद्यावर विरुद्ध संघ पुढे होता. मला रडूच कोसळणार होतं. सामना नाही ऐकला तर नाही, पण शेवटी ती माइकवर बोलणार, आणि मी पुन्हा ओठ बघत बसणार! सेट बटण धरलं तर मात्र तीन दिवसांचं शिकवणं पुसून जाईल की काय, याचीच धास्ती.

मी रिमोट घेऊन ॲम्प्लिफायरसमोर उकिडवी बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. सकाळी उठला होता. रिमोट तोच, बटण तेच. सकाळपासून त्याला कोणी हात लावला? मीच, पूजेपुरता. आणि तो माझ्याकडे बघतच नव्हता. कसा बघेल? मधोमध भलामोठा हळदीकुंकवाचा गोळा, त्यावर तांदूळ. मुंगीपायी खाल्लेल्या शिव्या मला आठवल्या. डोळे आहेत त्यांना!

“अगो बाई, मी ह्याचे डोळेच लिंपले!”

लाल बटणाने सगळं एकदा बंद केलं, मग पदराचं टोक तोंडात ओलं करून खसाखसा पुसलं. काळी टिकली चकचकीत झाली. माफ कर बाबा, म्हटलं, आणि लाल बटण पुन्हा दाबलं. टीव्ही. डबा. मग आतून ‘टक्’ झालं, आणि ठाण्याचं अख्खं मैदान आमच्या ओटीत घुसलं. शिट्ट्या, ढोल, आरडाओरडा. गंगाकाकू खुर्चीतून पडता पडता वाचल्या. “मेल्या, हळू!” त्या ॲम्प्लिफायरला म्हणाल्या.

मी हळू केला नाही.

शेवटची चढाई आली. एका गुणाने मागे, आणि चढाईला मृणाली. ती आत शिरली, एकीला हात लावला, वळता वळता दुसरीला पाय लागला, आणि चौघींनी तिला घेरलं. कुणीतरी घोटा धरला. मला काही भान राहिलं नाही. मी उभी राहून ओरडले, “मृणाल्ये, परत ये गोऽऽ!” ती तशीच फरफटत पुढे गेली, पडली, हात लांबवला, आणि बोटं मध्यरेषेवर टेकली.

घरात काय झालं ते सांगत नाही. बाबूने आपट्याची सगळी पानं हवेत उडवली, ती अजून पंख्यावर आहेत.

मग ती माइकवाली बाई आली. मी सगळ्यांना गप्प केलं. माझी पोर धापा टाकत होती, कोपर सोललेलं. बाईने विचारलं, एवढ्या गर्दीत डोकं शांत कसं ठेवतेस?

“आत गेलं की मला काहीच ऐकू येत नाही,” मृणाली म्हणाली. “फक्त आईचा आवाज येतो. लहानपणी मळ्यात खेळायचो, तेव्हा दिवे लागले की ती पडवीतून हाक मारायची. मृणाल्ये, परत ये गो! तीच हाक येते आणि मी फिरते. मी तिला सारखी म्हणायचे, हळू बोल. बरं झालं तिने ऐकलं नाही.” मग ती हसली, आणि डोळे पुसले. “गेल्या वर्षी पण हेच बोलले होते. पण तेव्हा आमच्या टीव्हीला आवाज नव्हता. तोंडावर सांगायला लाज वाटते ना, म्हणून परत इथूनच सांगते. आई, ऐकतेयस ना गो?”

सगळे माझ्याकडे बघत होते. गंगाकाकूंनी नाक ओढलं. “तुजा आवाज ठाण्यापरयंत जातो, ता मना कदीच ठावक होता,” म्हणाल्या, आणि माझा हात धरून बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. हे.

“दमयंती! बोगदा संपला. सेट बटण धरलंस काय? लागला का आवाज? ती बोलली का काही? अगो, काय बोलली पोर?”

मला सगळं सांगायचं होतं. कुंकवाचं, चढाईचं, हाकेचं. तोंड उघडलं, पण गळ्यातून काही बाहेरच येईना.

“हॅलो? हॅलो? दमयंती, आवाज येत नाही तुझा. परत बोगदा आला वाटतं.”

बोगदा नव्हता. मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, आणि मोठ्याने सांगायला जमेपर्यंत ह्यांना थोडं हॅलो हॅलो करू दिलं.