मंगळवारचं पाणी

आरोग्य केंद्रातल्या नव्या निरीक्षकबाईंनी भिंतीवरच्या फळ्यावर नववं लाल कार्ड टाचलं आणि थेंबभाऊंना इतका आनंद झाला की हातातला चहा बशीत सांडला. सोळा गावांपैकी नऊ लाल, आणि तेही चार महिन्यांत! त्यांच्या स्वतःच्या रांगेत पंधराच्या पंधरा कार्डं हिरवीगार होती. शेजारची बाईंची रांग म्हणजे गोवर आलेलं पोर.

आरोग्य केंद्राच्या हद्दीत एकतीस गावं होती. बावीस वर्षं ती सगळी एकट्या थेंबभाऊंची होती. गावोगाव जायचं, नळाचं नि विहिरीचं पाणी तपासायचं, त्यात पुरेशी ब्लीचिंग पावडर असली तर गावाला हिरवं कार्ड द्यायचं, नसली तर लाल. तपासायची रीत तर अगदी साधी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, वर औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर आहे. होतं तसंच राहिलं म्हणजे नाही. त्या दोन थेंबांपायी त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बायकोसुद्धा रागावली की त्यांना थेंबभाऊच म्हणायची.

मग या निरीक्षकबाई बदलून आल्या. डॉक्टरांनी थेंबभाऊंना सांगितलं नाही की सवरलं नाही, सोळा गावं काढून बाईंना दिली आणि वर म्हणाले, चला भाऊ, तुमचा भार हलका झाला. भार हलका झाला खरा, पण तेव्हापासून थेंबभाऊंच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. बाईंची तपासणीची पेटी नवी, झाकण न कुरकुरणारी. खिडकीजवळचं टेबल बाईंना. अक्षर बाईंचं छापल्यासारखं. शिपाई त्यांच्या बाटलीत न सांगता पाणी भरून ठेवायचा. थेंबभाऊंना बावीस वर्षांत स्वतःची बाटली स्वतःच भरावी लागली होती. बरं, बाई वाईट वागत असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या रोज सकाळी उठून उभ्या राहायच्या आणि नमस्कार करायच्या. त्याचाही थेंबभाऊंना रागच यायचा.

सगळ्यांत जास्त राग होता तो त्यांच्या कामाच्या पद्धतीचा. बाई कुठल्याही दिवशी, कुठल्याही गावात, न सांगता जाऊन उभ्या राहायच्या, जणू चोर पकडायला निघाल्यात. थेंबभाऊंचं तसं नव्हतं. त्यांच्या प्रत्येक गावाचा वार ठरलेला. मंगळवारी त्यांच्या स्नेह्याचं, टाकीवरच्या पंपवाल्याचं गाव, बुधवारी नदीपलीकडची दोन गावं. लोक वाट बघायचे, खुर्ची मांडून ठेवायचे. बावीस वर्षांत त्यांना एकाही गावाला लाल कार्ड द्यावं लागलं नव्हतं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि येत्या शनिवारच्या वार्षिक सभेत उत्तम कामाचं प्रशस्तिपत्र मिळणार होतं. ते आपलंच, याबद्दल त्यांच्या मनात तसूभरही शंका नव्हती. दिवाणखान्यातला खिळासुद्धा त्यांनी ठोकून ठेवला होता.

नववं लाल कार्ड लागलं त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं. प्रशस्तिपत्रासाठी आपण दोन नावं वर पाठवली आहेत असं ते म्हणाले, एक भाऊंचं आणि एक बाईंचं.

थेंबभाऊंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“नऊ लाल कार्डांसाठी प्रशस्तिपत्र?” त्यांनी विचारलं.

“लाल कार्डांसाठीच,” डॉक्टर म्हणाले. “त्या गावांतले जुलाबाचे पेशंट निम्म्यावर आलेत, भाऊ.”

त्या रात्री थेंबभाऊ धड जेवले नाहीत. बाई लबाडी करतात, याची आता त्यांना खात्रीच पटली होती. जी गावं आपल्या हातात बावीस वर्षं हिरवी होती, ती या बाईच्या हातात जाताच लाल कशी होतात? याचं एकच उत्तर त्यांना दिसत होतं. आधी उगाच लाल लावायचं, मग सुधारणा दाखवायची आणि टाळ्या घ्यायच्या.

बायकोनं ताट उचलता उचलता सांगून पाहिलं, “अहो, तिच्या वयाची आपली मुलगी आहे.”

“आपल्या मुलीनं माझी गावं नाही घेतली,” थेंबभाऊ म्हणाले.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली, कुरकुरणारी पेटी मोटारसायकलला बांधली आणि बाईंचं एक लाल गाव गाठलं. सार्वजनिक नळाचं पाणी नळीत धरलं, दोन थेंब टाकले. पाणी झक्क पिवळं झालं. थेंबभाऊंचा आनंद गगनात मावेना. सापडली! पावडर असलेल्या गावाला लाल कार्ड! ते नळी उन्हात धरून बघत असताना हंडा भरायला आलेली एक म्हातारी म्हणाली, “रोज वास येतो हल्ली पावडरीचा. लाल कार्ड लागलं ना आमच्या गावाला, तेव्हापासून रोज टाकतात. त्या बाई कधी टपकतील त्याचा काही नेम आहे का?”

थेंबभाऊंनी नळी रिकामी केली. म्हातारीचं ‘हल्ली’ मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. हल्ली म्हणजे काय? आधी वास येत नव्हता? घरी जायचं सोडून त्यांनी गाडी पंपवाल्याच्या गावाकडे वळवली. मनाला जरा बरं वाटावं, एवढाच हेतू. तिथलं पाणी त्यांच्या सगळ्या गावांत पहिल्या नंबरचं होतं.

पंपवाला टाकीच्या सावलीत वॉशर कापत बसला होता. अठरा वर्षांचा स्नेह. दर मंगळवारी चहा, गप्पा, घरची खुशाली. तो चटकन उठला.

“भाऊ, आज कसे काय? आज गुरुवार ना?”

इकडून जात होतो, असं काहीतरी पुटपुटत थेंबभाऊंनी नळ सोडला. नळी भरली. दोन थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. त्यांनी नळी हलवली, तिसरा थेंब टाकला. नळी तीनदा विसळून पुन्हा पाणी घेतलं. औषध जुनं झालं असेल म्हणावं, तर तासाभरापूर्वीच त्याच बाटलीतल्या थेंबांनी पाणी पिवळं झालं होतं.

पंपवाला ओशाळला. “सांगून यायचं ना हो. टाकून ठेवली असती.”

“रोज टाकायची असते ना?”

“रोज कशाला? रोज टाकली की लोक वासाची कटकट करतात.” मग आवाज खाली आणून, प्रेमानं, तो म्हणाला, “मंगळवारी मात्र मी कधी चुकलो नाही, भाऊ. तापात होतो तेव्हासुद्धा पहाटे शिडी चढून टाकली. तुमचं नाव खराब व्हायला नको. सगळीच गावं टाकतात तुमच्यासाठी, ज्याच्या त्याच्या वारी.”

थेंबभाऊ पंपवाल्यानं लगबगीनं आणून मांडलेल्या खुर्चीत बसले. तो खरं तेच बोलत होता आणि त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. बावीस वर्षं लोक त्यांच्यावर माया करत होते आणि त्या मायेपोटी आठवड्यातले सहा दिवस बिनपावडरीचं पाणी पीत होते.

“आणि भाऊ,” पंपवाल्याला आठवलं, “हिच्यासाठी त्या गोळ्या आणाल का परत? पोट पुन्हा बिघडलंय. त्या गोळ्यांचा गुण येतो तिला.”

त्या गोळ्या थेंबभाऊ गेली कित्येक वर्षं स्वतः केंद्रातून आणून देत होते. कौतुकानं, घरच्यासारखं. वहिनींच्या पोटाची चौकशी केल्याशिवाय त्यांनी त्या टाकीजवळ कधी चहा घेतला नव्हता, आणि ते दुखणं कुठून येतं हे मात्र त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. आज चहा न घेताच ते निघाले. जाताना एवढंच म्हणाले, “आता रोज टाक. मी वार सोडला.”

शुक्रवारी सकाळी केंद्रात आल्यावर त्यांनी कपाटातून लाल कार्डांचं पुस्तक काढलं. एकही कार्ड न फाडलेलं, पहिल्या दिवशी मिळालं तसंच. ओलीनं त्याची पानं एकमेकांना इतकी चिकटली होती की नख घातलं तर तुकडा निघाला. ते पुस्तक त्यांनी परत ठेवलं. मग ते खिडकीजवळच्या टेबलाकडे गेले.

“बाई, तुमच्याकडचं एक लाल कार्ड मिळेल का?”

बाई नेहमीसारख्या उठून उभ्या राहिल्या. कुठल्या गावासाठी, असं त्यांनी विचारलं. थेंबभाऊंनी गाव सांगितलं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे.

“उद्या सभा आहे, भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या. “सोमवारी लावलंत तरी चालेल. मी कुणाला बोलणार नाही.”

शहाणपण या बाईकडे होतं, पेशंट हिच्या हातून निम्म्यावर आले होते, आणि आता हा चांगुलपणाही हिच्याकडेच. थेंबभाऊंना वाटलं, निदान एक गोष्ट तरी हिनं माझ्यासाठी ठेवायला हवी होती.

“पाणी लोक आजही पितात,” ते म्हणाले. “द्या इकडे. आणि पुस्तकच राहू द्या माझ्याकडे. अजून चौदा गावं बघायची आहेत.”

त्यांनी टेबलाच्या कडेला उभ्या उभ्याच कार्ड भरलं. तारखेच्या रकान्यात कालची तारीख लिहिली, वार गुरुवार. खाली सही केली. वरच्या पानावर बाईंच्या अक्षराचा दाब उमटला होता आणि त्याच्या शेजारी आपलं अक्षर किती गबाळं दिसतं, हे त्यांना त्याही क्षणी खुपलं.

पंपवाल्याच्या गावाचं हिरवं कार्ड काढलं, तेव्हा त्याखालचा फळा नव्यासारखा निघाला. बाकीचा उन्हानं फिका पडला होता. लाल कार्ड त्यांनी तिथंच टाचलं. टाचणी जुन्याच भोकात गेली, पण कार्ड जरा तिरकं बसलं. बाई मागून आल्या आणि ते सरळ करायला त्यांनी हात पुढे केला.

“राहू द्या,” थेंबभाऊ म्हणाले. “ते माझं आहे.”