खंडेनवमीची चार मिनिटं

आभाळ ऐन वेळी दगा देतं, असं भीमराजचं ठाम मत होतं. माणसाची माया त्याहून महागात पडते, हे त्याला १९८० सालच्या खंडेनवमीला कळलं.

मोशीत केसरबाईच्या माळावर वाटीएवढा काचेचा घुमट बसवला होता. ढग नसताना पृथ्वी उन्हातलं किती ठेवते आणि किती परत पाठवते, ते वरून उपग्रह मोजायचा. खाली ऊन किती पोचलं, त्याची साक्ष हा घुमट द्यायचा. त्याला जोडलेलं पेन पत्र्याच्या खोलीत कागदावर रेघ ओढत बसे. उपग्रह जाण्याआधी दहा मिनिटं आणि गेल्यावर दहा मिनिटं रेघ निर्मळ हवी, तरच हाफिस तो दिवस धरायचं. असे दहा दिवस भरले तर केंद्र राहणार, भीमराजची नोकरी कायम होणार. नऊ भरले होते. आज शेवटचा दिवस, उपग्रह बारा सातला, आणि आभाळ लख्ख निळं.

पेनची शाई संपत आली म्हणून तो सकाळी सायकलवरून चिंचवडला गेला. जाताना केसरबाईला म्हणाला, "मावशी, घुमटावर पाखरू बसू देऊ नका."

परतला तेव्हा अकरा बावन्न झाले होते. घुमटाला झेंडूचा हार, खाली फोडलेला नारळ आणि काचेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक!

"मावशी, हे काय केलंत?"

"आज खंडेनवमी न्हाई का? माझा किसन तिकडं कंपनीत लेथ पुजतोय. तुझं यंत्र तेवढं उपाशी ठेवू व्हय? वाऱ्यानं उडंल म्हणून कुंकू तेलात कालवलं बघ."

बापानं धम्मदीक्षा घेतल्यापासून ज्याच्या घरात पूजाअर्चा बंद, त्याच्याच यंत्राच्या नशिबी ही पूजा. भीमराजला ओरडावंसं वाटलं. पण वेळ कुठे होता? हार ओढून त्यानं सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, तर तेलकट लाली सगळीकडे पसरली. कापूस, स्पिरिट, पुन्हा कापूस. काचेला चरा पडला तर संपलंच. अकरा सत्तावन्न. बारा. बारा वाजून एक मिनिटाला काच स्वच्छ झाली आणि पेन वर चढलं. बारा सातला उपग्रह गेला, न दिसता.

कागदावर त्या वीस मिनिटांत चार मिनिटांची खोच राहिली, तांदळाच्या दाण्याएवढी. हाफिसात ती ढगात जमा होणार. हातात नवी शाई होती, पट्टी होती. रेघ जुळवायला कितीसा वेळ लागतो? बघायला कोण येणार होतं? पण वरच्याला खालचं खरं सांगायलाच तर त्याला इथे बसवलं होतं. त्यानं शेऱ्यात लिहिलं: 'आभाळ निरभ्र. ११.५७ ते १२.०१ घुमटावर कुंकू.'

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दिवस बाद, केंद्र महिनाअखेर बंद.

तो घुमटाचे स्क्रू काढत होता, तेव्हा केसरबाई आली.

"नेतूस व्हय यंत्र? पूजा पावली म्हणायची!"

"पावली, मावशी," भीमराज म्हणाला. "मोठ्या जागेवर कायम केलंय मला."

जे खोटं चार मिनिटांपुरतं कागदावर उतरवता आलं नाही, ते तो न अडखळता बोलून गेला. तिनं पदराची गाठ सोडून त्या दिवशीच्या नारळाचं वाळकं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं. ते त्यानं तिच्यासमोरच खाल्लं.