मावशीचा समोरचा दात

आजवर तिने कितीतरी माणसांना दात दिले होते, आणि त्यांतल्या एकाचेही हसणे पाहिले नव्हते. कवळ्या बनवणारीच्या टेबलावर तोंड येत नाही. तोंडाचा प्लॅस्टरमधला ठसा येतो, जीभ नसलेला, श्वास नसलेला, पांढरा. सोबत दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी. ठशावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात रोवायचा, ओळ सरळ जमली की कवळी पक्की करायची, घासून चकचकीत करायची आणि डबीत घालायची. डबी निघून जायची, आणि जे माणूस मुळात आलेच नव्हते तेही तिच्यासोबत निघून जायचे.

ती कामाला होती त्या लॅबची जागा बदलायची ठरली तेव्हा मालकांनी सगळ्यांना महिनाभराची सुट्टी दिली. निघताना तिला बाजूला घेऊन ते म्हणाले, "नव्या जागेत मुख्य तुम्हीच. पण पाच वर्षं बांधून घ्यावं लागेल. महिनाअखेर काय ते कळवा."

तिने मान हलवली. मनात मात्र वेगळेच होते. घरामागच्या खोलीत स्वतःचे टेबल मांडायचे, हे तिने कुणालाही न सांगता ठरवून टाकले होते. हत्यारे हळूहळू जमली होती. खिडकीतला उजेडही चांगला होता. नव्हती ती फक्त ओळख. एक जरी डॉक्टर काम द्यायला तयार झाला तर टेबल उभे राहणार होते, नाहीतर पाच वर्षे मालकांची. आणि ओळखी काढणे तर तिच्या पिंडातच नव्हते. तिला लहानाची मोठी करणारी मावशी तिला 'घुमी' म्हणायची, ते काही उगीच नव्हे.

"अगं घुमे, डॉक्टरांकडे जाऊन बोलणार काय तू? 'अं' आणि 'हं'?" मावशीने विचारले. उरलेसुरले दात काढल्यापासून मावशी भिजवलेल्या पावावर आणि स्वतःच्या जिभेच्या धारेवर जगत होती.

"बोलेन."

"तुला समजावता समजावता माझ्या दातांच्या कण्या झाल्या. आता तू दातवाल्यांना समजावणार. जा बाई, जा."

पहिल्या डॉक्टरने तिला रोगी समजून खुर्चीत बसवले आणि "आ करा" म्हटले. तिने आ केला. आपण कशासाठी आलो हे सांगायला तोंड मोकळे झाले, तोवर दोन किडके दात सापडले होते. दुसऱ्याने चहा दिला, तिचे नमुने उलटसुलट करून पाहिले आणि लॅबशी असलेले जुने संबंध इतक्या हळवेपणाने सांगितले की तिनेच त्याची समजूत घातली.

उरली ती तिसरी. हिचे अक्षर तिने अंधारातही ओळखले असते. बारीक, उजवीकडे झुकलेले, आणि बहुतेक वेळा दोनच शब्दांचे: 'पुन्हा करा.'

ही डॉक्टरीण उंच, पिकल्या केसांची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली. टेबलावर मांडलेल्या नमुन्यांकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

"म्हणजे पट्टी लावून दात बसवणाऱ्या त्या तुम्हीच."

"हं," ती म्हणाली. मग मावशी आठवून पुढे म्हणाली, "तुमच्या चिठ्ठ्या माझ्याकडेच यायच्या."

"शिव्या देत असाल."

"पुन्हा करत असे."

डॉक्टरीणबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "प्लॅस्टर मला दाखवू नका. प्लॅस्टर तक्रार करत नाही. एखादं जिवंत तोंड आणा. माप मी घेते, कवळी तुम्ही करा. मग कामाचं बघू."

जिवंत तोंड घरातच होते, आणि ते बंद राहत नव्हते, हीच काय ती अडचण. माप घेताना, घास भरल्यासारखे तोंड भरलेले असतानाही, मावशी डॉक्टरीणबाईंना त्यांच्या खुर्चीच्या उंचीबद्दल काहीतरी सुनावत होती.

मागच्या खोलीत ती कामाला बसली. तिने जवळचे सर्वांत देखणे दात निवडले: लहान, एकसारखे, दुधावर पडलेल्या उजेडाच्या रंगाचे. मेणातली ओळ डोळ्यांसमोर धरली, तर तिच्यात काही म्हणजे काही खटकण्यासारखे नव्हते. मेणातच ती मावशीच्या तोंडात बसवून पाहिली, तेव्हा मावशी म्हणाली, "तू केलंस म्हणजे बरंच असणार." कवळी तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी दातांत निळा कागद धरून चावायला लावले, खुणा तपासल्या आणि म्हणाल्या, "चावा बरोबर आहे. दोष काढायला जागा नाही. आता यांना काही दिवस वापरू द्या, मग दोघी या."

मावशी कवळी वापरू लागली. सफरचंद खाल्ले, शेंगदाणे खाल्ले, शेजारणीला नावे ठेवली. तक्रार नाही. पण एके सकाळी शेजारीण दारात उभी राहून काहीतरी चावट बोलली आणि मावशीचा हात तोंडावर गेला.

मावशी कधी तोंड झाकून हसली नव्हती. दात होते तेव्हा नाही, दात गेले तेव्हाही नाही; बोळक्या तोंडाने ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हसायची. आता तोंडात दात आले होते आणि हसू हाताआड गेले होते.

"टोचतंय का?" तिने विचारले.

"नाही गं."

"सैल आहे?"

"नाही म्हटलं ना."

"मग हात कशाला?"

मावशीने कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. "आरशात बघितलं की वाटतं, कुणी बड्या घरची बाई पाहुणी आलीय. तिच्यादेखत मोठ्यानं कसं हसायचं?"

ती त्या वाक्यापाशी थांबून राहिली. मावशीचे स्वतःचे दात कसे होते, ते तिला आठवेना. ज्या हसण्याखाली ती वाढली, त्याचा आकार तिला ठाऊक नव्हता. प्लॅस्टर वाचायला शिकलेले डोळे माणसाच्या तोंडापाशी कधी थबकलेच नव्हते.

"तुझा समोरचा दात कसा होता गं?"

"कसा म्हणजे? शेजारच्यावर रेलून बसायचा." मावशीने एका बोटावर दुसरे बोट तिरके चढवून दाखवले. "असा. तुझ्यासारखाच, कोपऱ्यात तोंड घालून."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. "मला इथे बसून बघायचंय."

"काय?"

"तोंडं."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि कोपऱ्यातले स्टूल पायाने पुढे सरकवले.

त्या स्टुलावर तिचा उरलेला महिना गेला. तिने दोऱ्याने खाच पडलेला शिंप्याचा दात पाहिला, एकाच बाजूने चावणाऱ्या म्हाताऱ्याची झिजलेली कड पाहिली, आणि दोन दातांतल्या फटीतून शीळ घालणारी एक शिक्षिकाही पाहिली. सरळ ओळ कुणाकडेच नव्हती. डॉक्टरीणबाई फारसे बोलत नसत. मधूनच "हे बघा" म्हणून आरसा कलता करत. दोन अबोल माणसांची व्हावी तशी त्यांची ओळख झाली, मध्ये काम ठेवून.

दुपारी ती मागच्या खोलीत मावशीची दुसरी कवळी मांडत बसे. भीती एकच होती. पहिली कवळी पसंत पडलेली होती. तीच पुन्हा पुढे केली असती तर काम मिळाल्यातच जमा होते. केसभर चूक दिसली तरी डबी परत पाठवणाऱ्या बाईंसमोर वाकडा दात ठेवायचा, तर स्वतःच्या हाताने दार लावून घेण्याचीही तयारी हवी. तिने मेण ऊन केले. ओळ सरळ करण्यातच जुने झालेले तिचे अंगठे क्षणभर ऐकेनात. मग दात हलला, आणि शेजारच्यावर रेलला.

मालकांना कळवायच्या आदल्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कवळी उजेडात धरली.

"हा दात वाकडा आहे."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. मावशीचा असाच होता."

डॉक्टरीणबाईंनी कवळी मावशीच्या तोंडात बसवली आणि हातात आरसा दिला. मावशीने आधी आरसा पाहिलाच नाही. जिभेच्या टोकाने दात चाचपला.

"आलास का रे," ती त्या दाताला म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "पोरीनं मागच्या खेपेला तुमच्या पसंतीची बाई बसवली होती माझ्या तोंडात. मला वाटलं, आता जन्मभर तिची सरबराई करायची." आणि ती हसली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते.

निळा कागद पुन्हा आला. "डावीकडे जरा उंच लागतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा करा."

तिने तिथेच कानस फिरवली. कागदावरची खूण पुसट झाली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खणातून एक ठसा काढून तिच्यासमोर ठेवला. "हे नवं काम. चिठ्ठी लिहीत नाही. काही सांगायचं झालं तर समोरासमोर सांगेन."

ठसा हातात घेऊन ती उभी राहिली. मालकांना काय कळवायचे ते ठरून गेले होते; डोक्यात दुसराच प्रश्न होता.

"ह्या बाई हसतात कशा?"

"बाहेर बसल्यात. जा, हसवून बघा."

"थांब, मी येते," मावशी खुर्चीतून उठू लागली. "हसवणं तुझ्यानं नाही व्हायचं, घुमे."

"तू बस," ती म्हणाली, आणि तिने दार उघडले.