पायाशी येणारी गरम हवा

सेलूत मंगेशचं सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि दारात एक लाल, बुटकी, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार होती. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या शौकिनाकडून त्यानं ती आणलेली. इंजिन मागं, आणि त्यात पाणी नावालाही नाही. ते पंख्याच्या वाऱ्यावरच गार व्हायचं. रेडिएटर नसल्यामुळं गाडीत ऊब आणायची तऱ्हाही निराळी होती. इंजिनाचा धूर वाहून नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांभोवती पत्र्याचं कवच होतं. इंजिनाच्या पंख्याचीच थोडी हवा त्या कवचातून जायची, तापायची आणि माणसांच्या पायाशी यायची. मधे दोन झडपा, एक जादा पंखा, रबरी नळ्या, तारा. त्यातलं निम्मं सडलं होतं, झडपा गंजून अडकल्या होत्या.

डिसेंबरात मंगेशनं हे सगळं सुटसुटीत करायला घेतलं. पंखा काढला, झडपा काढल्या आणि कवचापासून थेट आत जाड नळ्या जोडून दिल्या. "कमी सामान, कमी कटकट," तो बायकोला, ऋतुजाला म्हणाला. कवच उघडून आतल्या धुराच्या नळ्या मात्र त्यानं पाहिल्या नाहीत. वरून पत्रा चांगला दिसत होता.

त्याच आठवड्यात ताडकळसला मंगेशच्या मामाच्या नातवाचं बारसं होतं. सकाळी लवकर निघाले. थंडी अशी की बोटं वळत नव्हती, आणि धुकं दाट. गुडघ्यांमुळं मंगेशची आई नागुबाई पुढं बसल्या. मागची सीट लेकरांच्या मापाची. ऋतुजा तिथं पाय दुमडून, मान वाकवून बसली. मागच्या बारक्या काचा उघडत नव्हत्या.

"लय बरं वाटायलंय गं पायाला," नागुबाई म्हणाल्या. "मंगेश, घरात बी असलंच बसवून दे."

मंगेश खूश होऊन हसला.

मानवत मागं पडलं तेव्हा ऋतुजाचं डोकं ठणकायला लागलं. वाकून बसल्यामुळं असेल, असं तिला वाटलं. मळमळायला लागलं तसं तिनं कपाळ बाजूच्या काचेला टेकवलं. तिथलं रबर फाटलं होतं, त्या फटीतून गार वारा येत होता. ती नाक तिथंच धरून बसली. पुढं नागुबाईंची मान छातीवर आली होती. डुलकी लागली असेल.

"मानवत आलं का?" मंगेशनं विचारलं.

"अहो, मानवत कवाच गेलं."

"हां."

थोडं अंतर गेलं. "मानवत आलं का?"

आवाज जड होता. थट्टेचा नव्हता. ऋतुजा पुढं वाकली. "अहो, काय होतंय तुमाला? गाडी थांबवा बरं."

"थांबवतो," तो म्हणाला, आणि गाडी तशीच चालत राहिली. मग ती हळूहळू उजवीकडं सरकायला लागली. समोर धुक्यात दोन पिवळे दिवे उगवले.

"डावीकडं घ्या! अहो, डावीकडं!"

मंगेशनं आरशातून तिच्याकडं पाहिलं. ओळख नसलेल्या माणसाकडं बघावं तसं. ट्रकचा हॉर्न कानात घुसला, तिनं पुढं झेपावून स्टिअरिंग ओढलं आणि ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली. मंगेशचं डोकं खिडकीवर कलंडलं. वेग कमी होत नव्हता. दोन्ही सीटांच्या मधे हँडब्रेक होता. तिनं तो दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. गाडी किंचाळली, मागून फिरली, पुढची चाकं कापसाच्या रानात उतरली आणि आचका देऊन बंद पडली.

शांतता झाली. त्या शांततेची तिला जास्त भीती वाटली.

"आत्याबाई! अहो!"

दोघंही हलत नव्हते. मागून बाहेर पडायला दार नव्हतं. तिचे स्वतःचे हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे झाले होते. मंगेशच्या दाराची कडी दिसत होती, पण बोटं तिच्यापर्यंत पोचून घसरत होती. काय झालंय ते तिला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की या गाडीत थांबलं तर आपणही अशाच झोपणार. ती मंगेशच्या अंगावरून पुढं सरपटली, कडी सापडली, दार उघडलं आणि ती डोक्यावर बाहेर काळ्या मातीत पडली. ओकली. मग उठून पलीकडं गेली.

नागुबाईंचा चेहरा झोपेतल्यासारखा शांत होता. ऋतुजानं त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. छातीवर हात ठेवला, तर हाताला गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी लागली. गार होती. डबी बाजूला करून तिनं पुन्हा हात ठेवला. श्वास होता, अगदी बारीक. गाडीचं मागचं अंग अजून रस्त्यावर होतं, धुक्यातून कुठल्याही क्षणी कुणीही येऊन आदळलं असतं. मंगेशला ओढताना तिच्या तोंडून नुसतं "शिवा, शिवा" येत होतं.

गारठ्यात मंगेशनं डोळे उघडले. "मला काय झालंय?" तो लहान मुलासारखा म्हणाला आणि त्यानं डोळे पुन्हा मिटले.

परभणीच्या बाजारात फुलकोबी घेऊन निघालेला एक पिकअपवाला थांबला. बजरंग त्याचं नाव. "ताई, ठोकली का गाडी?"

"न्हाई... माहीत न्हाई. दोघंबी उठंनाच गेलेत."

कोबीची पोती रस्त्याकडेला उतरवून त्यानं दोघांना मागं निजवलं.

परभणीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण बाईंनी ऋतुजाला विचारलं, "गाडीच्या काचा बंद होत्या? हीटर चालू होता?" शेजारच्या खाटेवर मंगेश शुद्धीवर आला होता. मास्कच्या वर त्याचे डोळे मोठे झाले.

"धुरातल्या विषारी गॅसला वास नसतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुठून तरी ताजी हवा मिळत असणार. या आजींचं मात्र जाग आल्याशिवाय सांगता यायचं नाही."

दुपारी नागुबाईंनी डोळे उघडले. मंगेशनं त्यांचा हात धरला. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "तुमी कोन?"

मंगेश बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीला टेकून खाली बसला. ऋतुजा त्याच्याशेजारी जाऊन बसली. अंधार पडता पडता आतून हाक आली, "मंगेश, पानी दे रे." तेव्हा दोघंही एकदम धावले.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली. मंगेशनं कवच कापलं. आतली धुराची नळी गंजून तिला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. तिथून धूर सरळ पायाशी येत होता. त्यानं गरम हवेच्या सगळ्या नळ्या काढून टाकल्या, गंजलेली धुराची नळी बदलली आणि गाडीत गरम हवा शिरायची दोन्ही तोंडं पत्रा जोडून कायमची बंद केली.

"आता काहीच ठेवलं न्हाई," तो म्हणाला. ऋतुजानं मान हलवली, पण गाडीजवळ गेली नाही.

नागुबाई हिंडू-फिरू लागल्या. बोलता बोलता मधेच थांबायच्या, शब्द शोधायच्या. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, सुधारेल, वेळ लागेल. संक्रांतीनंतर त्या सुनेला घेऊन एसटीनं ताडकळसला गेल्या. बाळ मांडीवर घेतलं, नाव विचारलं. महारुद्र, असं भावजयीनं सांगितलं. "चांगलं हाय," म्हणत त्यांनी बाळाच्या गालावरून बोटं फिरवली.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवरची बोटं चाळवत होती, ओठ हलत होते. बाळाचं नाव त्या आठवतायत की नुसता जप करतायत, हे ऋतुजाला कळेना.